आधी डस्टर की आधी खडू

७ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, त्याच्याखाली निळ्या खुणा उमटतात, आणि पुढे सगळी सामसूम. म्हणून हे कागदावर लिहितेय. बंद पाकीट हातात पडलं की ते फोडल्याशिवाय तुला चैन पडत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी तर शेजाऱ्यांचीसुद्धा फोडायचीस.

उत्तर देऊ नकोस, हवं तर. नुसतं वाच.

मावशीच्या घरी जेवताना तू सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणालीस, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीये ही. बसमध्ये तिकिटं फाडणं आणि वर्गात शिकवणं यात फरक असतो म्हणावं. पोरांचं वाटोळं करेल." सगळे हसले. मीही हसले, कारण तोंडात घास होता आणि दुसरं काही करता येत नव्हतं. दीड वर्ष झालं त्याला. इतकी वर्षं शिकवतेस तू, तुझ्या शब्दाला घरात वजन आहे. त्यामुळे ते वाक्य आता माझ्या नावापुढे पदवीसारखं चिकटलंय. मामा भेटले की पहिला प्रश्न तोच, "काय गं, वाटोळं कुठवर आलं?"

तर कुठवर आलं ते सांगते. शिक्षण महाविद्यालयाचं शेवटचं सत्र सुरू झालंय. वर्गात माझ्या निम्म्या वयाची पोरं. मला सगळी 'मावशी' म्हणतात, प्राध्यापकसुद्धा चुकून म्हणून जातात. शेजारी एक चष्मिस मुलगा बसतो, तो संगणकावर असा बोटं फिरवतो की बघत राहावं. माझी बोटं एकेक अक्षर शोधत हिंडतात.

यंदा एक नवीन नियम आलाय. डिजिटल फळ्यावर एक सराव पाठ घ्यायचाच. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर. त्यात पास झालं तर प्रमाणपत्र, नाहीतर सगळं सत्र पुन्हा. आणि पुढच्या वर्षी माझं वय भरतीच्या मर्यादेबाहेर जातं. म्हणजे यंदा जमलं तर मी शिक्षिका, नाही जमलं तर कधीच नाही. इतकं सोपं आहे.

तुला वाटेल घाबरलेय. मुळीच नाही. तिकिटाचं मशीन भर गर्दीत एका हाताने चालवलंय मी, फळ्याची काय मिजास.

भावोजींना नमस्कार सांग. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

तुझी (मान किंवा नको मानूस) धाकटी बहीण


९ फेब्रुवारी

ताई,

झालं. घोडामैदान जवळ आलं, आणि घोडा मलाच घेऊन पळाला.

तुला दुसरीकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. म्हणून सगळं लिहितेय. हसायचं तर हस.

सातवीचा वर्ग, विषय विज्ञान, घटक गुरुत्वाकर्षण. मी काय तयारी केली होती म्हणून सांगू. स्लाइड्सवर चित्रं, बाण, पृथ्वी गोल फिरतेय, झाडावरून फळं पडतायत. लेकीने शिकवलं सगळं. ती शिकवताना माझ्याशी असं बोलते, जसं मी म्हाताऱ्या प्रवाशांशी बोलायचे: हळू, मोठ्याने, आणि मध्येच सुस्कारा टाकून. तर तिने सांगितलं, "आई, एकदा अख्खा पाठ बोलून बघ." मी कपाटासमोर उभी राहिले आणि कपाटाला शिकवलं. एकदम सुरेख झाला पाठ. कपाट मान डोलवत होतं म्हण हवं तर. शेवटी पडद्यावर एक चौकट आली, की या वेळा जपून ठेवायच्या का? म्हटलं, कुणी आपणहून जपून ठेवतो म्हणतंय तर नाही कशाला म्हणा. दाबलं 'हो'.

ताई, त्या 'हो'चा अर्थ असा होता की कपाटासमोर प्रत्येक स्लाइडला मी जितका वेळ घेतला, तितक्याच वेळात ती इथून पुढे आपोआप सरकणार. मला हे माहीत असायचं काय कारण?

वर्गात उभी राहिले. मागच्या बाकावर आम्हाला अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या मॅडम वही उघडून बसलेल्या. मी 'नमस्कार मुलांनो' म्हणून हजेरी घेते न घेते तोच पृथ्वी येऊन गेली. मी वळून तिला मागे आणली. आली, आणि परत गेली. मी आणली, ती गेली. मुलांना वाटलं हा खेळ आहे. फळं पडली, बाण आले, सूत्र आलं. मी फळ्यामागे धावतेय आणि फळा माझ्यापुढे. कपाटाला प्रश्न पडत नाहीत ना, त्यामुळे प्रश्नाला जागाच ठेवली नव्हती मी कुठे. एक दोन वेण्यांची मुलगी पहिल्या बाकावर हात वर करून बसली होती. तिने विचारलंही, पण मी "थांब हं, थांब" म्हणत होते. तिला की फळ्याला, ते माझं मलाच कळत नव्हतं. तास संपायला अर्धा वेळ बाकी, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'धन्यवाद'.

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले.

मॅडमनी बाहेर बोलावलं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुम्ही मुलांना शिकवत नव्हता. तुम्ही यंत्राला सोबत करत होता." नापास. अजून एक संधी मिळते, मार्चमध्ये, आणि त्या वेळी बाहेरचे परीक्षक बसणार. ती गेली की गेलं.

घरी येऊन चप्पलही न काढता पलंगावर बसले. लेकीने विचारलं, तर म्हटलं डोकं दुखतंय. तुला मात्र खरं सांगतेय, मला रडू आलं. आणि सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? मावशीकडचं ते जेवण आठवलं, आणि तू बरोबर होतीस असं वाटलं.

तुझी बहीण


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दीड वर्षाने आलेलं पहिलं अक्षर, आणि त्यात ना 'प्रिय', ना 'कशी आहेस'. 'फजितीचं वर्णन लिहायला वेळ आहे, तर तयारीला का नाही? त्या मुलीने काय विचारलं होतं? उत्तर दिलंस का?' बस. खाली सहीसुद्धा नाही. जणू काही दुसरं कुणी मला असं बोलेल.

आधी राग आला. फाडणार होते. मग आठवायला बसले की खरंच काय विचारलं होतं तिने, आणि मला आठवेना. पंचवीस स्लाइड्समधली प्रत्येक चित्रासकट पाठ, आणि समोर बसलेल्या जिवंत मुलीचं एक वाक्य आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेत गेले. पाठ नव्हता, काही नव्हतं, नुसती गेले. मधल्या सुट्टीत तिला गाठलं. वर्गात तिला सगळे 'शंकासुर' म्हणतात म्हणे. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही त्या पळणाऱ्या फळ्याच्या बाई ना?" म्हटलं, हो बाई, मीच ती. तू काय विचारलं होतंस? ती म्हणाली, "पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते, तर दगड धाडकन पडतो आणि कागद हळू का पडतो? आमचे बाबा म्हणतात, जड वस्तू आधी पडते. मग तुमचं खरं की बाबांचं?"

मी म्हटलं, उत्तर देते, पण आत्ता नाही. तिने अशा नजरेने बघितलं की मोठ्यांची ही तऱ्हा तिला नवीन नाही.

तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात. मॅडमकडे गेले, म्हटलं, स्लाइड्स सगळ्या टाकून दिल्या तर चालेल? त्यांनी चष्मा खाली घेतला. "तंत्रज्ञान वापरायचंय, हे लक्षात आहे ना?" म्हटलं, वापरते, पण माझ्याआधी पळणारं नको. मग त्या मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि त्यांनी एक गोष्ट दाखवली. साध्या फोनवर हळू गतीचं चित्रण होतं. डोळ्यांना दिसत नाही इतक्या पटकन झालेलं ते रांगत रांगत दाखवतं, आणि फोन केबलने फळ्याला जोडला की अख्ख्या वर्गाला भिंतभर दिसतं. बोट ठेवलं की जागच्या जागी थांबतं.

आता चष्मिस आणि मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथेच. तो मला केबल शिकवतो. कुठली कुठे लागते, फळा फोनला ओळखेना झाला तर काय, आवाज गेला तर काय. मी त्याला वर्गात आवाज कसा लावायचा ते शिकवते, कारण तो बोलतो ते त्याच्या कॉलरलाच ऐकू जातं. काल मी केबल अकरा वेळा काढली आणि लावली. तो म्हणाला, "मावशी, आता झोपेतही लावाल." म्हटलं, झोपेत नको रे, परीक्षकांसमोर लागू दे.

पाठ ११ मार्चला आहे. तू प्रश्न विचारलास म्हणून सांगतेय: त्या मुलीला उत्तर अजून दिलेलं नाही. देईन.

भावोजींचा फोन आला होता. म्हणाले, हल्ली तू शाळेतून आलीस की गप्प बसतेस, जेवतही नाहीस नीट. तब्येत सांभाळ. माझ्यावर रागावून उपाशी राहायची गरज नाही, पोटभर जेवून रागाव.

धाकटी


१२ मार्च

ताई,

पास झाले.

हे आधी लिहिते, कारण तू पत्राचं शेवटचं पान आधी वाचतेस. आता सावकाश वाच.

परीक्षक म्हणजे उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायचे पैसे पडतात असे. मागच्या बाकावर बसले, त्यांचे गुडघे मावेनात. मी वर्गात शिरले, तर मागून कुणीतरी कुजबुजलं, "पळणारा फळा आला." सगळे खुसुखुसु. मी म्हटलं, आला, पण आज त्याला बांधून ठेवलाय. हसले, आणि ताई, माझाही श्वास मोकळा झाला.

एका हातात डस्टर घेतला, एका हातात खडू. विचारलं, दोन्ही एकदम सोडले तर आधी कोण पडेल? अख्खा वर्ग ओरडला, "डस्टर." शंकासुर माझ्या हातांकडे बघत होती. मी एका आडदांड मुलाला पुढे बोलावलं, हात उंच करून सोडायला सांगितलं, आणि फोनवर चित्रण घेतलं. केबल लावली. पहिल्या फटक्यात लागली. फळ्यावर त्याचे हात भिंतभर दिसले, आणि सगळं रांगत रांगत खाली यायला लागलं.

आणि डस्टर आधी पडला.

स्वच्छ दिसत होतं. डस्टर जमिनीला टेकला तेव्हा खडू अजून हवेत. वर्गात जल्लोष. तो मुलगा दोन्ही हात वर करून नाचला. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडमनी डोळे मिटले. पुस्तकात लिहिलंय दोन्ही एकदम पडतात, महाविद्यालयात मी दहादा करून बघितलंय, आणि इथे भिंतीएवढा पुरावा माझ्याविरुद्ध.

एक क्षण वाटलं, गुंडाळावं. म्हणावं, 'काहीतरी चुकलं मुलांनो, पुस्तकात असं असं दिलंय,' आणि पुढे जावं. मागच्या वेळी तेच केलं असतं. पण बोट काचेवर होतंच. मी चित्र थांबवलं. म्हटलं, बाबा रे, नाचून झालं असेल तर बस. आपण हे सगळं मागे नेऊ. बसमध्ये स्टॉप मागे गेला की गेला, इथे परत येतो.

बोटाने मागे सरकवत गेले. डस्टर जमिनीवरून उठला, वर गेला, हातात जाऊन बसला. मग पुढे, अगदी एकेक चित्र. कुणी काही बोलेना. मीही बोलले नाही. ताई, तो गप्प राहण्याचा वेळ फार कठीण होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मी ते दातांखाली दाबून धरलं होतं.

मग शंकासुर उठली. हात वर करायचीही शुद्ध नाही. थेट फळ्यापाशी गेली आणि त्या मोठ्या चित्रातल्या बोटांवर बोट ठेवलं. "बाई, याने डस्टर आधी सोडलाय. हे बघा, ही मूठ उघडली, आणि ही अजून बंदच आहे. ही चीटिंग आहे."

तो म्हणाला, "मी मुद्दाम नाही केलं, जड होता म्हणून सुटला." त्यावर जे भांडण जुंपलं, तसं मी वर्षभर कुठल्या वर्गात ऐकलं नव्हतं. मी विचारलं, मग दोन्ही एकदम सुटायला काय करायचं? एक म्हणे, डोळे मिटून सोडायचे. एक म्हणे, दोन माणसं हवीत. शंकासुर म्हणाली, "हात नकोतच. टेबलाच्या कडेला ठेवा आणि मोठ्या पट्टीने एकदम ढकला."

तसंच केलं. तिनेच ढकललं, त्याच मुलाने चित्रण घेतलं, कारण त्याला कुणाचा भरवसा उरला नव्हता. लावलं फळ्यावर. डस्टर आणि खडू शेजारी शेजारी खाली आले आणि एकाच चित्रात जमिनीला टेकले. मी थांबवलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

मग मी तिला म्हटलं, तुझं माझ्याकडे एक उत्तर राहिलंय. वहीचे दोन सारखे कागद फाडले. एक तसाच, एक चुरगळून गोळा. वजन तेच. सोडले. गोळा सरळ खाली, कागद डुलत डुलत. ती बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे पृथ्वी सारखंच ओढते. हवा अडवते." आणि मग स्वतःशीच, "बाबांना सांगायला पाहिजे."

तास संपला, तरी एकही उठेना. चौघे फळ्यापाशी, खोडरबर आणि बाटलीचं झाकण घेऊन. परीक्षक कसेबसे बाकातून निघाले आणि माझ्यापाशी आले. म्हणाले, "पहिला प्रयोग फसणं, हे तुमच्या पाठ टाचणात होतं?" म्हटलं, नव्हतं सर. "मग घाबरला नाहीत?" म्हटलं, घाबरले, पण मागे नेता येत होतं. त्यांच्या मिशा जराशा हलल्या. म्हणाले, "बहुतेक जण बटण दाबून पुढे जातात. तुम्ही थांबलात." वर्गाबाहेर मॅडमनी माझा हात धरला आणि सोडेचनात. चष्मिस जिन्यात उभा होता, त्याला मी मिठी मारली आणि तो लाजून पळाला.

खोटं कशाला बोलू, ताई, मी आनंदाने वेडी झालेय. बसस्टॉपवर एकटीच हसत होते. एका बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, डस्टर आणि खडू एकदम पडले. त्या जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या.

आणि तुझ्या त्या कार्डाशिवाय हे झालं नसतं, हे लिहायला हात जड होतोय, पण लिहिते. तू विचारलंस, उत्तर दिलंस का? हो. दिलं.

तुझी धाकटी


१९ मार्च

ताई,

भावोजींना रागावू नकोस. त्यांनी काल तू आंघोळीला गेल्यावर फोन केला. नळाचा आवाज येत होता, आणि ते बिचारे चोरासारखे बोलत होते.

अभिनंदन केलं. मग मी विचारलं, ताईने पत्र वाचलं का? म्हणाले, वाचून उशाखाली ठेवलंय. मी विचारलं, मग ती जेवत का नाही? तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

तुझ्या वर्गातही तसाच फळा लावलाय, हे तू मला सांगितलं नाहीस. चार महिने झाले, आणि तू त्याच्यावर चादर टाकून तिच्यावर तुझे तक्ते टाचणीने लावतेस. एकदा चालू करून बघितलास, तो मोठ्याने वाजायला लागला, बंद होईना, आणि शेवटी शिपायाने येऊन वायर उपटली. नववीची पोरं हसली. तुझ्यावर, ताई. जिच्या पावलांच्या आवाजाने व्हरांडा गप्प व्हायचा तिच्यावर. आणि मुख्याध्यापक म्हणाले, जूनपासून फळा वापरायचा, नाहीतर वर्ग सोडून कार्यालयात बसायचं.

मी इथे माझी फजिती पानंच्या पानं लिहून तुला हसवत होते, आणि तू तिकडे ती वाचत होतीस. मला फार वाईट वाटलं. तुझा राग आला, तोही लिहून ठेवते. सांगायचं होतंस ना गं.

पण भावोजींचं पुढचं वाक्य ऐकलं आणि मी फोन हातात धरून खालीच बसले. म्हणाले, "तिने मुख्याध्यापकांना सांगितलंय, मला शिकवायला माझी बहीण येणार आहे. त्यांनी विचारलं, बहीण काय करते? तर म्हणाली, शिक्षिका आहे."

मी म्हटलं, माझं पास झाल्याचं पत्र वाचून म्हणाली असेल.

तर म्हणाले, "छे गं. तुझा पाठ व्हायच्या आधीच्या सोमवारी. मी तिला घ्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो. माझ्यादेखत म्हणाली."

ताई, तेव्हा मी एकदा नापास झालेली होते. दुसऱ्या संधीचं काय होईल ते मॅडमना माहीत नव्हतं, लेकीला नव्हतं, मला तर नव्हतंच. आणि तू तुझ्या शाळेत, तुझ्या साहेबांसमोर, असा शब्द देऊन मोकळी झालीस. मी परत नापास झाले असते तर कुठे तोंड दाखवणार होतीस?

मावशीकडचं ते वाक्य मी आजपर्यंत कुणाला विसरू दिलं नाही, स्वतःलाही नाही. आता हेही वाक्य मी सगळ्यांना सांगणार आहे. मामांना आजच फोन करते.

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने येते. घरी नाही, थेट शाळेत. केबल माझी मी आणीन. मी पोचायच्या आत ती चादर काढून घडी करून ठेव. तू पहिल्या बाकावर बसायचं, आणि काही कळलं नाही तर विचारायचं, कितीदाही. मुख्याध्यापकांनाही बोलावून ठेव. शिक्षिका वेळेवर येतील म्हणावं.

तुझी बहीण